लहान मुलांस लिहावयास कसें शिकवावें?

गांवोगांवचे शिक्षक, प्रचारक व आईबाप यांच्यासाठीं एक पाठ

तिसऱ्या इयत्तेंतील एखाद्या मुलाची वही हातीं घ्या. पुष्कळ वेळां असें दिसेल कीं, पानामागून पान स्वच्छ भरलेलें आहे, अक्षर गोलसर आहे, ओळ सरळ आहे, आणि फळ्यावरचा धडा शब्दशः उतरलेला आहे. आतां ती वही मिटा आणि त्याच मुलास एक कोरा कागद देऊन सांगा कीं, "बाळ, आज सकाळपासून तूं काय काय केलेंस तें ह्यावर लिही." पुष्कळ मुलें पेन्सिल हातांत धरून तशींच बसून राहतात. कित्येक फळ्याकडे पाहूं लागतात. कारण जें लिहावयाचें तें आजवर नेहमीं तेथूनच आलेलें असतें. अशा मुलास लिहितां येतें असें म्हणावें काय? ह्या प्रश्नाचा विचार प्रत्येक शिक्षकानें, आणि मंडळीच्या ओसरीवर संध्याकाळीं पांच-सात मुलें जमवून बसणाऱ्या प्रत्येक प्रचारकानें, अवश्य केला पाहिजे.

१. लेखनाचीं दोन अंगें

लेखनास दोन अंगें आहेत. एक हाताचें व दुसरें मनाचें. हातानें अक्षर घडवावयाचें, आणि मनांत जें आहे तें त्या अक्षरांत उतरवावयाचें. आपल्याकडे पहिलें अंग कसोशीनें शिकविण्यांत येतें, आणि दुसरें "मोठेपणीं आपोआप येईल" म्हणून बाजूस ठेविलें जातें. परंतु तें आपोआप येत नाहीं. चार वर्षें केवळ उतरवून काढण्याची संवय लागलेला हात पांचव्या वर्षीं एकाएकीं स्वतःचें बोलूं लागत नाहीं. ह्या पाठाचें सांगणें एवढेंच आहे कीं, हीं दोन्ही अंगें पहिल्या इयत्तेपासून बरोबरीनें चाललीं पाहिजेत. ज्या मुलास चार अक्षरें आलीं, त्यानें त्या चार अक्षरांतच स्वतःचा एक शब्द लिहिला पाहिजे.

२००९ सालच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला आहे. गांवोगांवचीं मुलें काय शिकलीं हें पाहण्यासाठीं ‘असर’ नांवाची पाहणी २००५ सालीं सुरू झाली. परंतु तिचा भर वाचन व गणित यांवर आहे. मुलास धडा वाचतां येतो कीं नाहीं हें दोन मिनिटांत कळतें. त्यास स्वतःचें म्हणणें लिहितां येतें कीं नाहीं हें कळण्यास त्याच्याजवळ बसावें लागतें. म्हणून लेखनाची खरी परीक्षा जवळ बसणाऱ्या शिक्षकानेंच घ्यावयाची आहे. ती त्यानें न घेतली तर बहुधा कोणीच घेत नाहीं.

२. न लिहितां आल्यानें काय होतें

जुन्या मराठी कागदपत्रांच्या अखेरीस सह्यांच्या जागीं लहान लहान चित्रें आढळतात. पाटलाच्या किंवा कुणब्याच्या नांवापुढें नांगर काढलेला असतो. वाण्याच्या नांवापुढें तराजू. ह्यांस निशाणी म्हणत. नांव दुसऱ्यानें लिहावयाचें, मजकूरही दुसऱ्यानेंच लिहावयाचा, आणि ज्याचें शेत जावयाचें त्यानें खालीं नांगर काढावयाचा, असा तो व्यवहार होता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर चालून गेले व त्यांनीं कर्जरोखे हिसकावून जाळले. तो दंगा नगर जिल्ह्यांतही पसरला. पुढें १८७९ सालीं सरकारनें दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं जो कायदा केला त्यांत असें ठरविण्यांत आलें कीं, शेतकऱ्याचा रोखा गांवच्या रजिस्ट्रारासमोर लिहिला जावा. लिहितां न येणाऱ्या मनुष्याचें रक्षण करण्यास एक निराळा अधिकारी नेमावा लागला, ह्यावरूनच त्याची लाचारी किती मोठी होती हें ध्यानांत येईल.

तो काळ गेला असें कोणी म्हणेल. परंतु दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) व आसपासच्या जिल्ह्यांतून लाखों माणसें ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेस उचल म्हणतात, आणि ती ऊस तोडून फेडावयाची असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. किती टन ऊस तुटला आणि किती उचल फिटली, हा हिशेब ज्याच्या वहींत असतो त्याचेंच म्हणणें खरें ठरतें. मजुराजवळ वही नसेल तर त्यास केवळ आठवणीवर भांडावें लागतें, आणि लिहिलेल्या आंकड्यापुढें आठवण टिकत नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. नुसती सही शिकवून थांबणें हें कधीं कधीं मुळींच न शिकविण्यापेक्षां वाईट होतें. अंगठा उमटविणारास निदान कोणी तरी कागद वाचून दाखवितो. सही करणारास कोणी वाचून दाखवीत नाहीं. सही करतां येते त्या अर्थीं त्यास सर्व समजलें, असें धरून चालतात. म्हणून आपलें मूल स्वतःचें नांव लिहूं लागलें एवढ्यावर आईबापांनीं समाधान मानूं नये.

३. पेन्सिल देण्यापूर्वीं

पांच-सहा वर्षांच्या मुलाच्या मनगटाचीं सर्व हाडें अद्याप पक्कीं झालेलीं नसतात. त्याच्या हातांत पेन्सिल देऊन पाटीभर ‘अ’ काढावयास लावलें, तर तें बोटें आवळून, सर्व अंग ताठ करून लिहितें, आणि थोड्याच वेळांत त्याचा हात दुखूं लागतो. ही आडमुठी नव्हे. हात तयार नाहीं एवढाच त्याचा अर्थ. गांवांतील मुलाचा हात तयार करण्यास पैसा लागत नाहीं. ओल्या मातीचे बैल व चुली करणें, चिंचोके वेंचून मोजणें, शेंगा सोलणें, दोऱ्यांत फुलें ओवणें, रांगोळीचे ठिपके देणें, आईजवळ बसून पिठाचा लहान गोळा थापणें, ह्या प्रत्येक कामांत आंगठा व पहिलीं दोन बोटें एकत्र काम करावयास शिकतात. आणि पेन्सिल धरावयाची ती ह्या तिघांनींच.

त्यानंतर धूळपाटी घ्यावी. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळांत फळीवर धूळ पसरून बोटानें किंवा काडीनें अक्षर गिरवीत, आणि गिरवितांना तें मोठ्यानें म्हणत. ही रीत अडाणी समजून आपण टाकून दिली. परंतु परक्यांनीं तिचा गुण ओळखला. अँड्र्यू बेल नांवाचे एक पाद्री १७८९ सालापासून मद्रासेंतील अनाथ मुलांची शाळा चालवीत होते. तेथें मलबारी मुलें वाळूंत बोटानें अक्षरें काढीत आहेत असें त्यांच्या दृष्टीस पडलें. ती रीत त्यांनीं आपल्या शाळेंत घेतली, एका मुलानें दुसऱ्यास शिकवावें अशी व्यवस्था लावली, आणि १७९७ सालीं तिचा वृत्तान्त लंडनमध्यें छापून प्रसिद्ध केला. पुढें इंग्लंडांतील गोरगरिबांच्या शाळांतून वाळूचे ताट दिसूं लागले.

मारिया माँटेसरी बाईंनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतील सान लोरेंझो ह्या गरीब वस्तींत बालगृह उघडलें. तेथें त्यांनीं खरखरीत कागदाचीं अक्षरें कापून पुठ्ठ्यावर चिकटविलीं, व मुलांस तीं बोटानें गिरवावयास दिलीं. डोळा पाहतो, बोट फिरतें, तोंड उच्चारतें आणि कान ऐकतो. चौघे मिळून अक्षर ओळखतात. ज्या मुलांस पेन्सिल फारशी दिली नव्हती तीं मुलें एके दिवशीं आपण होऊन लिहूं लागलीं, आणि वाचावयास त्यानंतर शिकलीं. हेंच तत्त्व ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डी येथें व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्यें चालविलें. महाग साहित्याच्या जागीं त्यांनीं आसपास मिळणारे दगड, शिंपले, पानें व बिया वापरल्या. तेव्हां साहित्य नाहीं ही सबब कोणत्याही खेड्यांतील शिक्षकास सांगतां येणार नाहीं. एक जुनें ताट व मूठभर चाळलेली वाळू एवढ्यानें आरंभ होतो. चुकलें तर ताट हलवावें. चूक पुसली जाते, आणि तिची खूणही राहत नाहीं. भित्र्या मुलास ह्याहून चांगली पाटी नाहीं.

४. बैठक, पेन्सिल व डावा हात

मूल मांडी घालून बसत असेल तर पाटी मांडीवर न ठेवतां समोर एखाद्या पाटावर ठेवावी, म्हणजे पाठ वांकत नाहीं. पेन्सिल टोंकापासून बोटभर वर धरावी. पाटीवरची पेन्सिल झिजून नखाएवढी झाली कीं मूल तिला चिमटींत आवळतें व अक्षर बिघडतें. असा तुकडा बोरूच्या पोकळ नळींत खोंचून द्यावा. एका वेळीं दहा मिनिटांहून अधिक गिरवावयास लावूं नये. पानभर एकच अक्षर काढावयास सांगितलें, तर पहिली ओळ बरी येते व शेवटची सर्वांत वाईट येते, हें कोणत्याही वहींत पाहावें. म्हणजे आपण त्या मुलास शेवटीं शेवटीं वाईट अक्षराचाच अभ्यास देत असतों. त्यापेक्षां तीनच अक्षरें काढूं द्यावीं, आणि त्यांतील सर्वांत चांगलें कोणतें तें त्यालाच निवडावयास सांगावें. आपलें अक्षर आपणच पारखण्याची संवय कित्त्याच्या दहा पानांपेक्षां अधिक मोलाची आहे.

कांहीं मुलें डावखुरीं असतात. जेवणाचा हात उजवा म्हणून लिहिण्याचाही उजवाच पाहिजे असा हट्ट घरांतील वडील मंडळी धरतात, आणि कोणी कोणी डाव्या हातावर छडीही मारतात. हें करूं नये. डावा हात पुढें येणें हा खोडसाळपणा नव्हे. तशी त्या मुलाची उपजत घडण असते. त्यास रांगेच्या डाव्या टोंकास बसवावें, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला त्याचें कोपर लागत नाहीं. कागद वरच्या बाजूनें थोडा उजवीकडे कलता ठेवावा, व पेन्सिल थोडी अधिक वर धरावयास सांगावें, म्हणजे लिहिलेलें त्याच्याच हाताखालीं झांकलें जात नाहीं. शिरोरेषा त्यानें उजवीकडून डावीकडे ओढली तरी हरकत नाहीं.

५. अक्षरें कोणत्या क्रमानें शिकवावीं

वर्णमालेचा क्रम तोंडानें म्हणावयास उत्तम आहे; लिहावयास तो सोयीचा नाहीं. ‘अ’ हें अक्षर म्हणण्यास पहिलें, पण काढण्यास अवघड आहे. म्हणूनच मराठी शाळांत ‘ग म भ न’ पासून आरंभ करण्याची चाल पडली, आणि ती शहाणपणाची आहे. ह्या चारही अक्षरांस उजवीकडे उभा दंड आहे, आणि डावीकडे लहानसा फेरा किंवा गांठ आहे. ह्यानंतर व, ब, क. मग प, ष, फ. मग र, स, ख. मग ट, ठ, ढ, द, असे आकारांचे गट करावे. अक्षर डावीकडून उजवीकडे व वरून खालीं काढावें. शब्द पुरा झाल्यावर शेवटीं सर्व शब्दावर एकच शिरोरेषा ओढावी, म्हणजे कोणतीं अक्षरें एका शब्दाचीं हें मुलाच्या डोळ्यांस दिसतें.

म व भ, तसेंच घ व ध, ह्या जोड्यांत मुलें घोटाळा करतात. दोन्ही जोड्यांचें रहस्य एकच आहे. म व घ यांच्या डोक्यावर शिरोरेषा अखंड असते. भ व ध यांच्या डोक्यावर ती तुटलेली असते. "म ला पुरी टोपी, भ ची टोपी फाटकी," असें एकदां हंसत सांगितलें तर मूल तें विसरत नाहीं. घ आणि ध मात्र एकाच आठवड्यांत शिकवूं नयेत. पहिलें हातांत मुरल्यावर दुसरें आणावें. ल व श यांचीं दोन दोन रूपें छापील मजकुरांत दिसतात. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं मराठी अक्षरांचीं रूपें ठरवून दिलीं, त्यांत ल व श यांचीं मराठीचीं रूपेंही दिलेलीं आहेत. मुलांस तींच शिकवावीं.

ह्या पाठाचा मुख्य मुद्दा येथेंच लागू करावा. ग म भ न हीं चार अक्षरें व काना एवढें आलें कीं मुलास मामा, नाना, नाग, भाग, मान, गाभा हे शब्द लिहितां येतात. हे शब्द फळ्यावर लिहून देऊं नयेत. "ह्या अक्षरांत तुझ्या घरचें कोण बसतें पाहा," असें विचारावें. कोणी तरी मूल ‘मामा’ असें ओरडतें, आणि वाळूंत ‘मामा’ लिहितें. त्या क्षणीं त्यानें पहिल्यानेंच लेखन केलें असें समजावें. कारण हा शब्द फळ्यावरून आला नाहीं, त्याच्या घरांतून आला. पुढें ल व आ आले कीं ‘मामा आला’ हें वाक्य होतें. मुलाच्या नांवांतील अक्षरें क्रमांत उशिरां येत असलीं तरी तें नांव मात्र पहिल्याच आठवड्यांत चित्रासारखें गिरवूं द्यावें. स्वतःच्या नांवावर मुलाची प्रीति असते.

६. बोलणें आधीं, लिहिणें नंतर

जें मूल बोलत नाहीं तें लिहीत नाहीं. म्हणून लेखनाचा तास आधीं बोलण्याचा असावा. शिक्षकानें विचारावें, "काल घरीं काय झालें?" एक मूल सांगतें, "काल आमची म्हस याली. तिला पारडू झालं." शिक्षकानें हीं दोन वाक्यें त्या मुलाच्या देखत, जशीं बोललीं गेलीं तशींच, फळ्यावर लिहावीं. मुलानें बोट ठेवून तीं वाचावीं, मग गिरवावीं, आणि मग फळा पुसून स्वतः लिहावीं. दुसऱ्या दिवशीं वर्गानें त्यास प्रश्न विचारावे: पारडू केव्हां झालें? रंग कोणता? जवळ कोण होतें? प्रत्येक उत्तर हें एक नवें वाक्य होतें, आणि आठवडाभरांत त्या म्हशीचा पानभर वृत्तान्त तयार होतो.

‘म्हस याली’ हें लिहूं द्यावें काय, असें पुष्कळ शिक्षक विचारतात. आरंभीं अवश्य लिहूं द्यावें. मूल घरून जी बोली घेऊन येतें तीच त्याची विचार करण्याची भाषा असते. तिला पहिल्याच दिवशीं ‘अशुद्ध’ म्हटलें, तर मूल असें समजतें कीं, आपल्या घरचें सर्व बोलणेंच कागदावर येण्यास अपात्र आहे. आणि तें गप्प बसतें. ‘म्हैस व्याली’ हें पुस्तकांतील रूप त्यास पुढें शेजारीं लिहून दाखवावें, आणि सांगावें कीं, घरीं आपण असें बोलतों, पुस्तकांत असें लिहितात, दोन्ही आपलींच आहेत. मेळघाटांतील कोरकू, गडचिरोलींतील गोंडी किंवा नंदुरबारकडील भिली बोलणाऱ्या मुलांच्या बाबतींत ही सावधगिरी दुप्पट पाहिजे; कारण त्यांस एकाच वेळीं नवी लिपि व नवी भाषा शिकावी लागते. त्यांच्या भाषेंतील शब्दही देवनागरींत लिहितां येतात. पहिले शब्द त्यांच्या घरचेच असूं द्यावे.

७. मुक्तेचा निबंध

स्वतःचें लिहूं दिल्यानें काय होतें ह्याचा एक जुना दाखला आपल्या महाराष्ट्रांतच आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, आणि पुढें अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांमुलींसाठींही शाळा काढल्या. त्यांच्या शाळेंत मुक्ता नांवाची मांग समाजांतील एक मुलगी शिकत होती. तिनें मांग व महार लोकांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला, आणि तो १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आला. तेव्हां तिला शिकूं लागून थोडींच वर्षें झालीं होतीं. आपल्या जातीच्या स्त्रियांस बाळंतपणांत डोक्यावर छप्परही नसे व थंडीवारा सोसावा लागे, आणि आपल्या लोकांस विद्येपासून दूर ठेवण्यांत आलें, असें तिनें त्यांत निर्भीडपणें मांडलें आहे.

वाचकहो, विचार करा. हें कोणत्या कित्त्यांत होतें? कोणत्या फळ्यावर तें लिहिलेलें होतें? पुण्यांतील मोठमोठ्या पंडितांस जें ठाऊक नव्हतें, किंवा ठाऊक असून जें त्यांनीं लिहिलें नाहीं, तें त्या मुलीस ठाऊक होतें. कारण तें तिच्या वस्तींतलें होतें. तिच्या शिक्षकांनीं तिला अक्षरें दिलीं, पण मजकूर तिचा तिलाच लिहूं दिला. त्यांनीं तिच्याकडून केवळ सुविचार उतरवून घेतले असते, तर तिचें अक्षर कदाचित् सुरेख झालें असतें. परंतु तो निबंध जगास मिळाला नसता. आपल्यापुढें पाटी घेऊन बसलेल्या मुलाला असें काय ठाऊक आहे कीं जें आपणांस ठाऊक नाहीं, हा प्रश्न शिक्षकानें रोज मनांत धरावा.

८. चुका कशा सुधाराव्या

ह्याचा अर्थ चुका सोडून द्याव्या असा नव्हे. चुका सुधारल्याच पाहिजेत, पण क्रमानें. समजा, एका मुलानें लिहिलें, "माझी आइ रानात गेलि. तिनं पानी आनलं." येथें तांबड्या शाईनें चार ठिकाणीं खुणा करणें सोपें आहे, परंतु मुलास एवढेंच दिसतें कीं आपलें सर्व चुकलें. प्रथम मजकुरास उत्तर द्यावें: "पाणी किती दुरून आणलें? तूं बरोबर गेला होतास काय?" आपलें लिहिलेलें कोणी वाचलें, हें मुलास ह्यावरून कळतें. मग एकच चूक निवडावी. ‘आइ’ व ‘गेलि’ ह्या दोन्ही ठिकाणीं एकच नियम चुकला आहे, तेवढा त्या दिवशीं सांगावा. ‘पानी’ व ‘आनलं’ यांतील न आणि ण यांचा भेद दुसऱ्या दिवशीं, कानानें ऐकवून, शिकवावा.

ऱ्हस्व-दीर्घाचे तीन सोपे नियम तिसऱ्या-चौथ्या इयत्तेंत पुरेसे होतात. पहिला, मराठी शब्दाच्या शेवटचा इकार किंवा उकार बहुधा दीर्घ असतो: पाणी, वाटी, लाडू, विंचू, ‘आणि’ सारखे शब्द थोडे. दुसरा, शेवटचें अक्षर अकारान्त असलें तर त्याच्या आधींचा इकार-उकार मराठी शब्दांत बहुधा दीर्घ असतो: मूल, फूल, सून, विहीर. तिसरा, तोच शब्द पुढें वाढला कीं तें अक्षर ऱ्हस्व होतें: मुलाला, फुलांत, सुनेचा, विहिरीवर. हे नियम पाठ करून घेऊं नयेत. ‘फूल’ आणि ‘फुलांत’ हे शब्द दोन-तीनदां मोठ्यानें म्हणावयास लावावे. उच्चार कोठें लांबतो व कोठें आंखडतो हें मुलाचा कान आपण होऊन सांगतो.

९. आठवड्याचा क्रम

ज्यास रोज अर्धा तासच मिळतो त्यानें असा क्रम ठेवावा. सोमवारीं नवें अक्षर वाळूंत व पाटीवर. मंगळवारीं त्या अक्षराचे, मुलांनींच शोधलेले शब्द. बुधवारीं पांच ओळखीच्या शब्दांचें श्रुतलेखन. गुरुवारीं प्रत्येकानें आधीं बोलून मग लिहिलेलीं दोन किंवा तीन स्वतःचीं वाक्यें. शुक्रवारीं तीं वर्गापुढें वाचून दाखविणें. गुरुवारचा तास कोणत्याही कारणास्तव बुडवूं नये. इतर चार दिवसांचें शिकणें कामाला आलें कीं नाहीं, हें त्याच तासाला कळतें.

शक्य तेथें लेखनास खरा वाचक मिळवून द्यावा. आईबाप ऊसतोडीस गेले व मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहांत राहिलें, तर त्यानें दर आठवड्यास त्यांस पत्र लिहावें. टपाल पोहोंचणें कठीण असेल तर त्या कागदाचें छायाचित्र शिक्षकानें बापाच्या मोबाईलवर पाठवावें. तेथें वाचून दाखविणारा कोणी तरी भेटतो. मोबाईलवर बोलतां येत असतां पत्र कशाला, असें मुलें विचारतील. त्यांस सांगावें कीं, बोललेलें वाऱ्यावर जातें. पत्र उशाखालीं ठेवतां येतें व पुनः पुनः वाचतां येतें. जें मूल आईबापांबरोबर फडावर जातें त्यास निघतांना एक वही द्यावी. रोज तारीख घालून दोन वाक्यें लिहावीं एवढाच अभ्यास सांगावा. मोठें मूल असेल तर आपल्या कोयत्यानें त्या दिवशीं किती ऊस तोडला तोही आंकडा त्यानें लिहावा. परत आल्यावर शिक्षकानें ती वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी. पांच-सहा महिन्यांची शाळा त्या मुलाची बुडाली असेल, पण लेखन बुडालें नसेल. आणि ज्या घरांत आजवर केवळ मुकादमाच्या वहीवर विश्वास ठेवावा लागला, तेथें घरची एक वही आलेली असेल.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. आपल्या वर्गांतील एका मुलाची वही पाहा. तिच्या मागील दहा पानांत त्याचें स्वतःचें एकही वाक्य आहे काय?

२. सही करतां येणें व लिहितां येणें यांत भेद कोणता? आपल्या गांवांतील एक उदाहरण द्या.

३. ग, म, भ, न व काना यांपासून होणारे शब्द मुलांकडून काढवून घ्या. त्यांनीं सांगितलेले किती शब्द आपणांस आधीं सुचले नव्हते?

४. आपल्या गांवच्या बोलींतील पांच शब्द लिहा, व त्यांपुढें पुस्तकांतील रूपें लिहा. मुलास हा भेद त्याचा अपमान न करतां कसा सांगाल?

५. येत्या गुरुवारीं प्रत्येक मुलास विचारा, "तुला असें काय ठाऊक आहे कीं जें मला ठाऊक नाहीं?" त्यांचीं उत्तरें त्यांच्याच हातानें लिहवून घ्या, आणि तीं जपून ठेवा.